सॉकरच्या रेक लीगमध्ये मुलासोबत पालकाचंही नाव घालावं का?

मैदानकाठचा (धागाकर्ता)

फॉल सीझनची नोंदणी सुरू झाली की अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन प्रश्न फिरू लागतात. एक, सहा-सात वर्षांच्या पोराला गावातल्या रेक (रिक्रिएशनल, म्हणजे हौशी) लीगमध्ये घालावं की थेट पगारी कोच असलेल्या क्लबमध्ये. दोन, फॉर्ममधला 'पालक कोणतं काम करतील' हा रकाना कोरा सोडला तर चालतं का. मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. दहाव्या वर्षापर्यंत रेकच बरी. पण रकाना कोरा सोडणार असाल तर मग रेकच्या नावाने खडे फोडू नका.

रेक म्हणजे विकत घेतलेला क्लास नव्हे. 'एवायएसओ'चं (अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन) उदाहरण घ्या. १९६४ साली कॅलिफोर्नियात टॉरन्सला सुरू झालेली ही संस्था. तत्त्वं साधी आहेत: ट्रायआउट (निवडचाचणी) न घेता सगळ्यांना प्रवेश, प्रत्येकाला निदान अर्धा सामना खेळायला मिळणार, आणि टीमा दर सीझनला नव्याने, तोलून-मापून पाडणार. गावोगावच्या इतर रेक लीगही कमी-अधिक फरकाने अशाच चालतात. तुमच्या फीमधून मैदानाचं भाडं, विमा, जर्सी, गोलच्या जाळ्या आणि रेषा मारायचा रंग येतो. बहुतेक ठिकाणी कोच त्यातून येत नाही, तो तुमच्यातूनच यावा लागतो.

आणि वेटलिस्ट लागते ती बहुतेक वेळा मैदान नाही म्हणून नव्हे, कोच नाही म्हणून. आठ वर्षांखालच्या गटात सामना चार-विरुद्ध-चार असतो आणि यूएस सॉकरच्या (देशाच्या सॉकर महासंघाच्या) शिफारशीप्रमाणे टीममध्ये जास्तीत जास्त सहा मुलं. नोंदणी ६० मुलांची झाली तर दहा टीमा, म्हणजे दहा कोच हवेत. आठच मिळाले तर दोन वाटा उरतात. एक तर १२ मुलं बाहेर ठेवा, नाहीतर टीममध्ये सात-आठ मुलं कोंबा. दुसऱ्या वाटेत काय होतं ते मोजून बघा. १० मिनिटांचे चार क्वार्टर, मैदानात चार मुलं, म्हणजे वाटायला एकूण १६० मिनिटं. सहा मुलांत वाटली तर प्रत्येकाला जवळपास २७, आठ मुलांत २०. तुमच्या लेकीची ही सात मिनिटं तुमच्याच कोऱ्या रकान्याने खाल्लेली असतात.

---

हिशेबनीस

धागा चांगला, पण हा उलटा न्याय झाला. फी भरणारा पालक गुन्हेगार कसा?

मुद्द्याचं बोलू. रेकची फी गावानुसार सीझनला दोनशे-तीनशे डॉलर, क्लबची वर्षाला दोन-चार हजार, प्रवास आणि किट वेगळं. फरक दहापट आहे हे मान्य. पण त्या पैशात आठवड्याला दोन-तीन सराव आणि शिकलेला कोच मिळतो. रेकमध्ये आठवड्याला एक तास सराव, आणि तो घेणार असा गृहस्थ ज्याने शेवटचा फुटबॉल शाळेच्या मधल्या सुट्टीत टेनिसच्या चेंडूने खेळला. मग होतं काय, आठ पोरांची एक रांग, समोर एक गोल, आणि एकेकाने शॉट मारायचा. एका पाळीला १५ सेकंद धरा. आठ जणांत आपली पाळी दोन मिनिटांनी येते. वीस मिनिटांत दहा शॉट. उरलेला वेळ पोरं गवत उपटतात.

चेंडू पायाखाली घ्यायला शिकायचं वय सात ते अकरा. ती वर्षं रांगेत घालवून अकराव्या वर्षी ट्रायआउटला उभं केलं की पोरगं पहिल्या दहा मिनिटांत उघडं पडतं. वेगात ते कमी पडत नाही. पण अंगावर बचाव करणारा आला की चेंडू अडवून वळायचं कसं, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. मुलाला हौशी कोचच्या हाती सोपवायचं नसेल तर पालकाने पैसे मोजावेत आणि रकाना कोरा ठेवावा. त्यात पाप काय?

---

झेंडेवाली

हिशेबनीस, रांगेचं तुमचं गणित शंभर टक्के बरोबर. पण तो दोष हौशी असण्याचा नाही, तयारी न करण्याचा आहे, आणि ती तयारी दोन-तीन तासांची आहे. यूएस सॉकरचे कोचिंगचे प्राथमिक कोर्स चार-विरुद्ध-चार, सात-विरुद्ध-सात, नऊ आणि अकरा असे खेळाच्या आकाराप्रमाणे वेगवेगळे आहेत. आठ वर्षांखालचा कोच होणाऱ्याला ऑफसाइडचे सापळे शिकायची गरजच नाही. एवायएसओचे स्वतःचे वयोगटवार कोर्सही आहेत.

आठ वर्षांखालच्या सरावाचा साचा 'खेळ-सराव-खेळ' असा आहे. समजा सहा मुलं आणि ६० मिनिटं.

पहिली दोन पोरं आली की लगेच एकास-एक लावून द्यायचं. तिसरं आलं की दोनास-एक. सगळे जमेपर्यंत थांबायचं नाही, कारण थांबलेलं पोर शेजाऱ्याच्या खोड्या काढतं. पंधरा-वीस मिनिटं हे.

मग वीस-पंचवीस मिनिटं एकच गोष्ट. दोन-दोन कोन ठेवून साधारण दोन यार्ड रुंदीची आठ-दहा दारं मैदानभर पसरायची आणि प्रत्येकाच्या पायात स्वतःचा चेंडू द्यायचा. ४५ सेकंदांत किती दारांतून चेंडू नेता येतो? मग फक्त डाव्या पायाने. मग दोघा 'चोरांना' बिनचेंडूचं सोडायचं. कोणी रांगेत नाही, कोणी बाहेर नाही. 'हरला तो बाद' हा प्रकार इथे अजिबात नको, कारण सर्वात आधी बाद होतं ते पोर ज्याला सरावाची गरज सर्वात जास्त आहे.

शेवटची वीस मिनिटं पुन्हा सामना, तीनास-तीन. कोचने तोंड बंद ठेवायचं.

सामान: माणशी एक चेंडू (मुलांना घरून आणायला सांगा), वीसेक चपटे कोन, दोन रंगांच्या पिनी (जर्सीवरून घालायच्या बिनबाह्यांच्या बंड्या), हवेचा पंप आणि सुई. सुई दोन घ्या, एक मोडतेच.

आता मैदानावरच्या गर्दीबद्दल. या वयात सगळी पोरं चेंडूभोवती गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी चिकटतात आणि काठावरचे बाबा 'पसरा, पसरा' करतात. ओरडून काहीही होत नाही. सात वर्षांच्या मुलाला चेंडू हवा असतो, मोकळी जागा नको असते. म्हणून तर मैदान लहान आणि खेळाडू चारच ठेवले आहेत. घोळका तिघांचा झाला की एक जण आपोआप बाहेर निसटतो. अकरा-अकरा जणांत या वयाची निम्मी पोरं चेंडूला शिवतही नाहीत.

---

कोथरूड_ते_एडिसन

न्यू जर्सीत बऱ्याच गावांची रेक टाउनशिपचा रिक्रिएशन विभाग किंवा गावातलीच सॉकर असोसिएशन चालवते, तेव्हा एवायएसओचे नियम इथे जसेच्या तसे लावू नका. एक गोष्ट मात्र इथली फार चांगली आहे. रटगर्स विद्यापीठाच्या युवा क्रीडा केंद्राचा 'सेफ्टी' नावाचा साधारण तीन तासांचा कोर्स आहे. तो केलेल्या स्वयंसेवक कोचला राज्याच्या कायद्याने दिवाणी दाव्यांपासून मर्यादित संरक्षण मिळतं. मर्यादित हा शब्द महत्त्वाचा, ढळढळीत निष्काळजीपणाला ते लागू नाही. "कुणाच्या पोराचा हात मोडला तर माझ्यावर केस होईल" म्हणून मागे सरणाऱ्यांनी आधी हे बघावं.

बाकी मी धागाकर्त्याशी सहमत नाही. पालकाने काम करावं हे ठीक, पण कोच होण्याचा आग्रह नको. कोचचं पोर कोचच्याच टीममध्ये असतं, आणि तिथे गोम आहे. बाप एक तर आपल्या मुलाला सगळा वेळ पुढे खेळवतो, नाहीतर पक्षपाताचा आरोप नको म्हणून त्याच्यावरच जास्त डाफरतो. दोन्हीत पोराचंच नुकसान.

---

नवी_सॉकर_आई

वादात मध्येच घुसते आहे, माफ करा. मुलगी पहिल्यांदाच खेळणार आहे, जन्म सप्टेंबर २०१७. कुठला गट, आणि काय-काय घ्यायचं? कान मागच्या आठवड्यात टोचलेत. टेप लावून चालेल ना?

---

झेंडेवाली

@नवी_सॉकर_आई, कानाचं आधी, कारण पहिल्याच सामन्याला यावरून रडारड होते.

टेप चालत नाही. सॉकरच्या नियमावलीतल्या नियम चारमध्ये दागिने सरसकट बंद आहेत आणि टेप लावून झाकणंही बंद. कारण साधं आहे. चेंडू कानावर बसला की टेपखालची तार मानेत रुतते. रेफरी मुलीला बाहेर उभी करेल आणि कानातलं काढल्यावरच आत घेईल. नुकतं टोचलेलं भोक साधारण सहा आठवडे कानातलं काढून ठेवू देत नाही, तेवढ्यात अर्धा सीझन जातो. आता एकच मार्ग उरतो, कोचला आजच कळवणं. कान टोचायचे असतील तर फॉल सीझन संपला की नोव्हेंबरअखेर टोचावेत, म्हणजे स्प्रिंगपर्यंत भरतात. हाच नियम चेन, कडं आणि मनगटावरच्या दोऱ्यांना. आजारासंबंधी माहिती देणारी पट्टी मात्र घालता येते, टेपने बांधून आणि अक्षरं दिसतील अशी.

गटाचं: २०२६-२७ पासून एवायएसओ, यूएस यूथ सॉकर आणि यूएस क्लब सॉकर या तिन्ही संस्थांनी जन्मवर्षाची पद्धत सोडून १ ऑगस्ट ते ३१ जुलै असं वर्ष धरलं आहे. तुमची मुलगी त्यानुसार २०२६-२७ ला नऊ वर्षांखालच्या गटात येते. जुन्या पद्धतीने ती दहाखाली गेली असती. ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांना या बदलाने त्याच गटात आणखी एक वर्ष मिळतं, आणि बहुतेक वर्गमैत्रिणीही त्याच गटात येतात. जुनी कोष्टकं अजून ग्रुपांवर फिरत आहेत, ती बघून फॉर्म भरू नका. टाउनशिपच्या स्वतंत्र लीग कधी इयत्तेप्रमाणे गट पाडतात, तेव्हा आपल्या लीगचंच पान बघा.

सामान: चार नंबरचा चेंडू (आठपर्यंत तीन नंबर, तेरापासून पाच). शिन गार्ड (नडगीवरचं कवच) उंचीप्रमाणे, पाकिटावर कोष्टक असतं. घोट्याच्या वरपासून गुडघ्याच्या खाली तीन-चार बोटांपर्यंत पोचले म्हणजे झालं. मोजे त्यांच्या वरून, पूर्ण झाकतील असे. बूट सॉकरचेच. बेसबॉलच्या बुटाला अंगठ्यापुढे एक जास्तीचा खुंट असतो, तो इथे चालत नाही, आणि दादाचे जुने बूट म्हणून नेमके तेच गळ्यात मारले जातात. 'पुढच्या वर्षीही होतील' म्हणून दोन साइझ मोठे घेऊ नका. पाऊल आत घसरलं की चेंडू नीट मारता येत नाही आणि पायाला फोड येतात. पहिली जोडी वापरलेलीच घ्या, सहा महिन्यांत लहान होणार आहे.

---

हिशेबनीस

झेंडेवाली, सरावाचा साचा उत्तम, पण शंभर कोचांपैकी किती जण तो वाचतात?

आता 'तोलून-मापून टीमा'चं बघू. कागदावर असं: सीझन संपला की प्रत्येक कोच मुलांना गुण देतो, पुढच्या वेळी त्या गुणांवरून मुलं वाटतात, टीमांनी निवडायचा क्रम पहिल्या फेरीत १-२-३-४ तर दुसरीत ४-३-२-१. पण गुण देणारा आणि वाटून घेणारा माणूस तोच. हवा असलेला खेळाडू मुद्दाम कमी गुणांचा दाखवायचा आणि मग खालच्या फेरीत उचलायचा. दुसरी युक्ती, दोन तगड्या मुलांच्या बापांनी कोच-साहाय्यक कोच अशी जोडी आधीच जमवायची, म्हणजे दोन्ही पोरं एकाच टीममध्ये आपोआप. मग शनिवारी ९-० होतं. नऊ खाणाऱ्या टीमच्या आईबाबांना सांगतात, 'इथे स्कोअर मोजत नाहीत.' पोरं मोजतात हो! बोटांवर मोजतात.

---

मैदानकाठचा

बरोबर बोललात, दोन्ही लबाड्या चालतात. दोन्हीवर उपायही आहेत आणि ते लीगच्या बैठकीला जाणारेच लागू करू शकतात. साहाय्यक कोच वाटपानंतर नेमायचा. गुण एका कोचचे न घेता समोरच्या टीमच्या कोचचेही घ्यायचे. वाटप वयोगटाच्या समन्वयकाने करायचं आणि कोचला टीम चिठ्ठी काढून द्यायची. कोणती टीम आपल्याला येईल हे ठाऊक नसलं की गुण सरळ दिले जातात.

सामना एकतर्फी झाला तरी कोचच्या हातात पुष्कळ असतं. तगड्या पोराला गोलकडून काढून मागे घ्या. 'आता गोल डाव्या पायाचाच' असं कानात सांगा. काही लीग चार-पाच गोलांनी मागे असलेल्या टीमला एक खेळाडू जास्त उतरवू देतात, तुमच्या नियमपत्रकात हे आहे का बघा. नसेल तर दोन कोच सामन्यापूर्वी आपसात ठरवू शकतात. चार गोलांनी पुढे असताना 'पास द्या, पास द्या' म्हणून समोरच्यांना चेंडूच मिळू न देणं हा मात्र उपाय नाही, तो आणखी मोठा अपमान.

कोथरूडकरांचा बापाच्या कोचगिरीचा आक्षेपही खरा, पण तो कमी करता येतो. सामन्यापूर्वी पाळ्यांचा तक्ता कागदावर लिहायचा, कोण कोणत्या क्वार्टरला बाहेर हे आधी ठरवायचं आणि तो कागद साहाय्यकाच्या हातात द्यायचा. खेळ रंगात आला की मनातला तक्ता सगळ्यांचाच बिघडतो.

---

ठाण्याचा_लेफ्टबॅक

हिशेबनीसांच्या क्लबच्या बाजूने कोणी बोलत नाही म्हणून थोडं बोलतो, आणि थोडं विरुद्धही.

बाजूने: क्लबमध्ये एकच कोच आठवडाभर तीच मुलं बघतो, त्यामुळे चूक लक्षात येते आणि पुढच्या सरावात दुरुस्त होते. रेकमध्ये चूक शनिवारी दिसते आणि पुढच्या गुरुवारपर्यंत विसरली जाते.

विरुद्ध: करार वर्षाचा असतो. ट्रायआउट साधारण मे-जूनमध्ये, आणि जागा देऊ केली की एक-दोन दिवसांत हो म्हणून भरलेली अनामत बहुधा परत मिळत नाही. सात वर्षांच्या पोराला ऑक्टोबरात बुद्धिबळ जास्त आवडू लागलं तर? शिवाय अर्ध्या सामन्याची हमी बहुतेक क्लबांत नसते. पैसे भरून बाकावर बसवण्याचा हा एकच धंदा असेल. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१६ च्या अहवालात तर स्पष्ट आहे की बहुतेक खेळांत एकाच खेळाला वाहून घेणं १५-१६ वर्षांपर्यंत पुढे ढकलावं, आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी द्यावी आणि वर्षातून एकूण तीन महिने, महिन्या-महिन्याच्या तुकड्यांत, त्या खेळापासून विश्रांती द्यावी. फॉल, मग हिवाळी फुटसाल (बंदिस्त जागेतला छोटा सॉकर), मग स्प्रिंग, मग उन्हाळी कॅम्प असं रहाट चालवणाऱ्यांनी ते तीन महिने कुठे बसतात ते दाखवावं.

मधला रस्ताही आहे. कित्येक लीगमध्ये रेकच्या वर एक पायरी असते: ट्रायआउट होतात, सराव दोनदा, प्रवास जवळपासचा, फी क्लबपेक्षा बरीच कमी. दहा-अकराव्या वर्षी ती बघा. पण त्याही टीमला कोच बहुधा पालकच असतो, हिशेबनीस!

---

नवी_सॉकर_आई

सामन्याचे नियम कुणी मराठीत सांगेल का? काठावर उभं राहून काय कळायचं असतं?

---

झेंडेवाली

नऊखाली म्हणजे सात-विरुद्ध-सात, गोलकीपर धरून. २५ मिनिटांचे दोन डाव. यात तीन गोष्टींवर पालक हमखास ओरडतात आणि तिन्ही वेळा रेफरी बरोबर असतो.

पहिली, 'बिल्ड-आउट लाइन'. मधली रेषा आणि पेनल्टी एरियाची (गोलसमोरच्या चौकटीची) कड यांच्या बरोबर मध्ये एक आडवी रेषा मारलेली असते, दोन्ही अर्ध्यांत एकेक. कीपरने चेंडू हातात घेतला की समोरच्या टीमने त्या रेषेमागे जायचं. कीपरने चेंडू हवेत सोडून लाथेने भिरकवायचा नाही, तर हाताने फेकायचा, सरपटत द्यायचा किंवा खाली ठेवून पास करायचा. चुकून हातातून सोडून किक मारली तर समोरच्यांना अप्रत्यक्ष फ्री किक (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही). हेतू हा की मुलांनी मागून पास देत खेळ उभा करायला शिकावं. नाहीतर सगळ्यात लांब लाथ मारणारा कीपर ज्याचा, तो जिंकतो.

दुसरी, ऑफसाइड, म्हणजे सहकाऱ्याने चेंडू देताना बचाव करणाऱ्यांच्या पलीकडे गोलजवळ उभं असणं. या वयात तो मधल्या रेषेपासून न मोजता बिल्ड-आउट लाइनपासून पुढे मोजतात. म्हणून मध्यरेषेच्या जरा पुढे उभं पोर ऑफसाइड नसतं.

तिसरी, हेडिंग. मेंदूला मार लागू नये म्हणून यूएस सॉकरने नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर केलेला नियम: अकरा वर्षांखालच्या गटांत डोक्याने खेळणं बंद, सरावातही. मुद्दाम डोकं लावलं तर समोरच्यांना अप्रत्यक्ष फ्री किक. चेंडू येऊन डोक्यावर आदळला तर गुन्हा नाही, पण रेफरीने खेळ थांबवून मुलाकडे बघायलाच हवं. गरगरतं, मळमळतं, उजेड सहन होत नाही, एकच प्रश्न पुन्हा विचारतं, यातलं काहीही दिसलं तर त्या दिवसाचा खेळ संपला आणि डॉक्टरांची लेखी परवानगी आल्याशिवाय परत नाही. 'मी बरा आहे' हे पोराचं म्हणणं धरायचं नाही.

काठावरून करायचं काम एकच, टाळ्या. 'पुढे जा, मार, पास दे' या सूचना नकोत. चेंडू पायात असलेल्या मुलाच्या कानात कोच एक सांगतो, बाबा दुसरं, आणि ते तिसरंच करून बसतं. मराठीत ओरडलं तर कोचला कळत नाही म्हणून चालतं असं समजणारे पुष्कळ आहेत. अहो, पोराला कळतं ना!

---

कोथरूड_ते_एडिसन

तारखांचं एक. सराव बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्यापासून सुरू होतात आणि आपल्या भारतवाऱ्या नेमक्या तेव्हा संपतात. मग गणपती, मग भोंडला, मग दिवाळीचा कार्यक्रम, आणि मंडळाचे कार्यक्रम शनिवारीच. सात-विरुद्ध-सातच्या सामन्याला बहुतेक लीग निदान पाच खेळाडू मागतात. दहा जणांच्या टीममधल्या चौघांचं गणपतीमुळे जमलं नाही आणि दोन आजारी, की सामनाच गेला. वेळापत्रक हातात आलं की त्याच आठवड्यात गैरहजेरीचे शनिवार कोचला लिहून कळवा. आदल्या रात्री कळवलं तर कोच काहीच करू शकत नाही. आधी कळलं तर सामना सकाळी ८ ला ओढून घेता येतो किंवा समोरच्या कोचशी बोलून खेळाडू उसने घेता येतात. मराठी शाळा रविवारी असेल तर प्रश्नच नाही.

---

एच४_वाली

रकाना भरायची इच्छा आहे, पण माझ्या एच-४ (जोडीदाराच्या नोकरीवर मिळालेल्या) व्हिसाचं काय? शिवाय बोटांचे ठसे द्यावे लागतात असं ऐकलं. कॅलिफोर्निया.

---

ठाण्याचा_लेफ्टबॅक

व्हिसाची ढोबळ रेघ अशी: नानफा लीगमध्ये बिनपगारी, सगळेच जसं फुकट करतात तसलं काम, म्हणजे कोच, स्नॅकचं वेळापत्रक, गोल उभे करणं, याला अडचण नाही. अडचण पैशाची. काही लीग रेफरीला प्रत्येक सामन्याचे पैसे देतात. वर्क परमिट नसेल तर ते घेऊ नका, आणि 'रोख देतो' म्हणालं कुणी तरी नाही. एवायएसओत रेफरीही स्वयंसेवक असतात. शंका असेल तर ऑफिसच्या वकिलाला एक मेल टाकावी. पार्श्वभूमी तपासणीच्या फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबर मागितला आणि तुमच्याकडे नसेल तर रकाना रिकामा ठेवून अडकून पडू नका, रजिस्ट्रारला आधीच विचारा.

ठशांचं: कॅलिफोर्नियात 'एबी ५०६' कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. मुलांसाठीच्या संस्थेत महिन्याला १६ तासांहून किंवा वर्षाला ३२ तासांहून जास्त काम करणाऱ्या प्रौढ स्वयंसेवकाला 'लाइव्ह स्कॅन' म्हणजे डिजिटल ठसे आणि बालअत्याचार ओळखण्याचं व कळवण्याचं प्रशिक्षण सक्तीचं. कित्येक लीग तासांचा हिशेब न करता सगळ्याच कोचांकडून करून घेतात. शाळेसाठी एकदा ठसे दिले आहेत म्हणून सुटका नाही, निकाल एका संस्थेकडून दुसरीकडे जात नाही. फॉर्म लीगचाच न्या, त्यावर त्यांचा कोड असतो. हे जुलैतच उरका, कारण निकाल येईपर्यंत मैदानावर उभं राहता येत नाही.

---

हिशेबनीस

बघा, यादी किती लांबली. ठसे, सेफस्पोर्ट (मुलांच्या छळाविरुद्धचं प्रशिक्षण), कन्कशनचा (मेंदूला लागलेल्या माराचा) कोर्स, सडन कार्डिॲक अरेस्टचा (अचानक हृदय बंद पडण्याचा) कोर्स, वर कोचिंगचा कोर्स. पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्या, घरी दुसरं तान्हं असलेल्या बाईला तुम्ही सांगणार की रकाना कोरा सोडलास म्हणून तक्रारीचा हक्क गेला? काही लीग तर फीसोबत कामाची अनामत घेतात, काम केलं की परत. म्हणजे ज्याच्याकडे वेळ नाही त्याने दंड भरावा! आणि बळेच ओढून आणलेला कोच सर्वात वाईट. चौथ्या आठवड्यानंतर तो फोनमध्ये तोंड घालून उभा असतो. त्यापेक्षा लीगने फी पन्नास डॉलरनी वाढवून दर गटाला एक पगारी प्रशिक्षक ठेवावा. तो आठवड्यातून एकदा सगळ्या टीमांचा सराव एकत्र घेईल, पालक फक्त शनिवारी पाळ्या बदलतील.

---

मैदानकाठचा

तान्हं बाळ असलेल्या आईबद्दलचं मागे घेतो, ते माझं चुकलं.

पगारी प्रशिक्षकाची कल्पना काही गावांत चालते आणि सात-आठ वर्षांच्या गटाला ती शोभते. पण तुमचे पन्नास डॉलर सगळ्यांना सारखे नसतात. रेकमध्ये फीमाफी मागणारी घरं असतात, फी वाढली की मागणारे वाढतात आणि निधी तेवढाच राहतो. शिवाय प्रशिक्षक सराव घेईल, पण रेफरी कुठून आणाल? माझ्या मते खरी टंचाई तिथेच आहे. तेरा-चौदा वर्षांची पोरं हौसेने शिट्टी घेतात आणि काठावरचे काका त्यांच्यावर इतके खेकसतात की दुसऱ्या सीझनला ती येत नाहीत.

---

झेंडेवाली

आणि सगळी कामं कोर्सवाली नसतात. सकाळच्या पहिल्या सामन्याच्या टीमने ४५ मिनिटं आधी येऊन गोल उभे करायचे. गोलच्या मागच्या पायांवर वाळूच्या पिशव्या किंवा जमिनीत खुंट्या, दोन्ही बाजूंना, दर वेळी. मोकळा गोल पुढे कोसळून मुलं दगावली आहेत, म्हणून त्याला कोणी लोंबकळत नाही ना हेही बघायचं. मैदानात खड्डे, स्प्रिंकलरची डोकी, काचा बघायच्या. गडगडलं की सगळ्यांना गाड्यांत बसवायचं आणि शेवटच्या गडगडाटापासून ३० मिनिटं मोजायची. मध्ये पुन्हा गडगडलं तर घड्याळ पुन्हा शून्यावर. पश्चिमेकडे सप्टेंबरात वणव्याचा धूर येतो, तेव्हा हवेचा निर्देशांक १५० च्या वर गेला का हे सकाळी कुणीतरी बघून ग्रुपवर टाकायचं. यातल्या कशालाही ठसे लागत नाहीत.

स्नॅकचं वेळापत्रक मात्र मी बंदच करीन. तासाभराच्या खेळाला पाणी आणि मध्यंतरात संत्र्याच्या फोडी पुष्कळ झाल्या. निम्मी भांडणं चिप्सच्या पाकिटावरून होतात, आणि शेंगदाण्याच्या ॲलर्जीवाल्या मुलाची आई दर शनिवारी जीव मुठीत धरून उभी असते.

---

हिशेबनीस

गोल उभे करणं मला पटतं. शिट्टी नको आणि बिल्ड-आउट लाइनवरून कुणाशी वाद तर नकोच. रेफरीला काठावर झेंडा धरायला माणूस हवा असतो असं ऐकलं, त्यालाही कोर्स लागतो का?

---

झेंडेवाली

नाही. त्याला 'क्लब लाइनमन' म्हणतात. नेमलेले साहाय्यक रेफरी नसतील तेव्हा रेफरी दोन्ही टीमच्या पालकांमधून एकेकाला बोलावतो. काम एकच: चेंडू पूर्णपणे रेषेबाहेर गेला की झेंडा वर करायचा. पूर्णपणे म्हणजे चेंडूचा कणभरही भाग रेषेच्या वर राहिलेला नको, रेषेवरचा चेंडू खेळातच असतो. ऑफसाइड दाखवायचा नाही, फाउल दाखवायचा नाही, आणि थ्रो-इन कुणाचा हे रेफरीने विचारलं तरच सांगायचं. हातात झेंडा असताना स्वतःच्या पोराला काहीही ओरडून सांगायचं नाही. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नसतो, सामन्याआधी दहा मिनिटं रेफरीसमोर जाऊन उभं राहायचं.